जांग योंग-सिलचं पुढे काय झालं ते कसं तपासायचं, आणि त्याच्या काळातलं ऊन-घड्याळ नाशिकच्या गच्चीवर कसं बांधायचं

पंधराव्या शतकातल्या कोरियन यंत्रकारावरची, कोरियाच्या केबीएस वाहिनीची 'जांग योंग-सिल' ही २०१६ सालची चोवीस भागांची मालिका पाहिलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात एकच प्रश्न घोळत राहतो. ज्या सेजोंग राजाने सरकारी गुलामाला अधिकारी केलं, त्याच्याच राज्यात एक पालखी मोडली म्हणून त्या माणसाला फटक्यांची शिक्षा का झाली? आणि त्यानंतर तो गेला कुठे? यावर तर्क लढवण्याआधी मूळ नोंद उघडून वाचावी. ते काम अर्ध्या तासाचं आहे आणि घरबसल्या होतं. वाटीच्या आकाराचं ऊन-घड्याळ बांधायला मात्र पंधरवडा लागतो, म्हणून खाली त्याला जास्त जागा दिली आहे.

नोंद शोधणं

जोसॉन या कोरियाच्या तेव्हाच्या राजघराण्याची दिवसवार बखर कोरियाच्या राष्ट्रीय इतिहास संस्थेने नेटवर मोफत ठेवली आहे. मूळ मजकूर चिनी अक्षरांत आहे, शेजारी आजच्या कोरियनमधलं भाषांतर आहे, आणि ब्राउझरचं यांत्रिक भाषांतर कामापुरतं चालतं. मांडणी राजा, कारकिर्दीचं वर्ष, महिना, दिवस अशी आहे. सेजोंग गादीवर आला १४१८ मध्ये. त्यात कारकिर्दीचं वर्ष मिळवलं की इसवी सन निघतो, म्हणजे १४४२ साठी वर्ष २४ उघडायचं. महिने चांद्र आहेत हे विसरलं की घोळ होतो. तिथला 'तिसरा महिना, दिवस १६' हा १६ मार्च नव्हे, तो एप्रिलात पडतो.

चार नोंदी पुरतात. पहिली वर्ष १५, महिना ९, दिवस १६ (इ. स. १४३३). जांगचा बाप युआन राजवटीतल्या चीनमधून आलेला आणि आई कलावंतीण, हे राजाच्या तोंडून इथेच कळतं. त्याला पद द्यावं की नाही यावर मंत्र्यांमध्ये मतभेद होते, आणि आपोआप टोल देणारं पाण्याचं घड्याळ केल्याबद्दल त्याला बढती देण्याचा विचारही इथेच आहे.

दुसरी नोंद वर्ष २४, महिना ३, दिवस १६ ची, एका वाक्याची. जांगच्या देखरेखीखाली केलेली राजाची पालखी मजबूत नव्हती, ती मोडली, म्हणून त्याला चौकशीसाठी न्यायखात्याकडे सोपवलं. राजा पालखीत बसला होता आणि खाली पडला असं या वाक्यात कुठेही नाही. तो पडद्यावरचा प्रसंग.

तिसरी, महिना ४, दिवस २७, सर्वांत महत्त्वाची. न्यायखात्याने कायद्याप्रमाणे जांगला शंभर फटके सुचवले. राजाने शिक्षा दोन पायऱ्यांनी कमी केली, म्हणजे ऐंशी. देखरेखीत ढिलाई केलेल्या इम ह्यो-दोनला एक पायरी माफ झाली. 'जो सुन-सेंग' नावाच्या अधिकाऱ्याने पालखीतली कच्ची जागा आधीच पाहिली होती आणि 'ही काही मोडायची नाही' असं जांगला सांगितलं होतं. त्याला शिक्षाच झाली नाही. चौथी नोंद महिना ५, दिवस ३. यांचा गुन्हा राजाचा अनादर ठरतो, तेव्हा नेमणूकपत्रं काढून घ्यावीत आणि फटके द्यावेत, हे राजाने मान्य केलं.

बस्स. यापुढे बखरीत जांग नाही. जन्म-मृत्यूच्या तारखाही नाहीत.

ही मोकळी जागा कथाकारांना सोन्याची खाण वाटते. आवडता तर्क असा की स्वतःचं पंचांग आणि स्वतःची वेधयंत्रं करणाऱ्या जोसॉनवर चीनचा मिंग दरबार नाराज होता, म्हणून राजाने जांगला शिक्षेच्या आडून लपवलं. नाट्य म्हणून छान आहे, पण चारही नोंदी ओळीने वाचल्या तर त्याची गरज उरत नाही. कच्चा जोड कुणाच्या तरी नजरेला आला होता, दुसऱ्या अधिकाऱ्याने 'चालतंय' म्हटलं, आणि माल तसाच पुढे गेला. सातपूर-अंबडच्या कुठल्याही कारखान्यात काम केलेल्या माणसाला याचं नवल वाटणार नाही. आणि बखर नेमणुका, बढत्या, शिक्षा, मृत्यू लिहिते ते पदावरच्या माणसांचे. नेमणूकपत्रच काढून घेतलेल्या, गुलाम म्हणून जन्मलेल्या माणसाचं नाव पुन्हा येण्याचं कारण उरलं नव्हतं.

त्याच्या अनुपस्थितीचा खरा पुरावा यंत्राकडून मिळतो. १४३४ साली सुरू झालेलं ते स्वयंचलित जलघड्याळ १४५५ मध्ये बंद ठेवावं लागलं आणि १४६९ पर्यंत पुन्हा चालू झालं नाही. दुरुस्त करणारा माणूस नव्हता.

घड्याळ कुठलं आणि का

जलघड्याळ घरी करण्याच्या भानगडीत पडू नका. १४३४ सालीच हानयांगमध्ये, म्हणजे आजच्या सोलमध्ये, एका पुलाजवळ आणि राजघराण्याच्या पूर्वजमंदिराच्या रस्त्यावर लोकांसाठी बसवलेलं 'आंगबु-इलगु' हे वाटीचं ऊन-घड्याळ मात्र सिमेंट आणि पितळी सळई एवढ्यात होतं. वाचता न येणाऱ्यांसाठी त्यावर तासांच्या जागी प्राण्यांची चित्रं होती. श्रेय एकट्या जांगचं नाही. राजाच्या आज्ञेने काम करणारा मोठा गट होता, आणि मूळ कल्पना तेराव्या शतकातल्या चिनी ज्योतिर्विद गुओ शौजिंगच्या वाटीयंत्रापर्यंत मागे जाते. आपल्याकडे जयपूरच्या जंतरमंतरमधली कपाली आणि जयप्रकाश यंत्रं त्याच तत्त्वाची, पण तीन शतकांनी नंतरची.

तत्त्व सोपं आहे. आकाशाचा अर्धगोल उलटा करून जमिनीवर ठेवायचा. वाटीच्या गोलाचा मध्यबिंदू जिथे येतो, बरोबर तिथे सळईचं टोक आणायचं. सूर्य आकाशात जिथे असेल त्याच्या नेमक्या समोर, वाटीच्या आत, टोकाची सावली पडते. तास सरकताना ती पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते आणि ऋतू सरकताना उत्तर-दक्षिण. एकाच नजरेत वेळही कळते आणि साधारण तारीखही.

कोरियातल्या घड्याळाचा फोटो बघून रेषा उतरवल्या की सगळं बिघडतं. सोलचा अक्षांश साडेसदतीस अंशांच्या थोडा वर, नाशिकचा २०. सोलमध्ये सूर्य कधीच डोक्यावर येत नाही, त्यामुळे तिथल्या वाटीत सगळ्या ऋतुरेषा तळाच्या उत्तरेला असतात. नाशिकला सूर्य २०-२१ मे आणि २३-२४ जुलैच्या सुमारास थेट माथ्यावर येतो आणि मधल्या काळात माथ्याच्या उत्तरेला जातो. म्हणून आपल्या वाटीत उन्हाळ्याची शेवटची रेषा तळाच्या दक्षिणेला पडलीच पाहिजे. ती उत्तरेला आली असेल तर कुठलाच हिशेब बरोबर नाही.

वाटी

कढई, पातेलं, स्टीलचा वाडगा यांपैकी काहीही खरा अर्धगोल नसतो. सगळ्यांचे तळ चपटे केलेले असतात. भांडी बाजारात दहा दुकानं फिरलात तरी तेच. तांबटाकडून साच्यावर ठोकून घेता येईल, पण पैसे भरपूर लागतात आणि आतला पृष्ठभाग गुळगुळीत लागतोच असं नाही. फर्मा फिरवून सिमेंटची वाटी करणं स्वस्त आणि जास्त अचूक. खालची मापं १०० मिमी त्रिज्येची आहेत. त्रिज्या बदलली तर सगळी त्याच प्रमाणात बदला.

साहित्य असं: तोंडाशी २६ ते २८ सेंमी व्यासाचा आणि १३ सेंमी खोल प्लास्टिकचा टब, २ किलो सिमेंट, साडेसहा किलो चाळलेली बारीक वाळू, ४०० ग्रॅम पांढरं सिमेंट, तेवढीच संगमरवराची भुकटी, ५ मिमी जाडीची सरळ लोखंडी सळई ३० सेंमी, तिच्यावर सैल फिरेल असा ॲल्युमिनियमच्या नळीचा ४ सेंमी तुकडा, २ मिमी ॲल्युमिनियमचा पत्रा, आणि टबावर आडवी बसेल अशी लाकडी फळी. सावली पाडणाऱ्या काट्यासाठी ४ मिमी पितळी सळई १३ सेंमी.

पत्र्यातून १०० मिमी त्रिज्येचा पाव गोल कापा आणि वरच्या टोकाला २५ मिमीचा आडवा खांदा ठेवा. खांद्यामुळे वाटीचा काठ सपाट होतो आणि बरोबर मध्यबिंदूच्या पातळीला येतो. हा पत्रा लोखंडी सळईला घट्ट बांधायचा, हाच फर्मा. इथेच बहुतेकांचं चुकतं. त्रिज्या सळईच्या कडेपासून मोजली तर वाटी प्रत्येक बाजूला अडीच मिमीने फुगते आणि तळाला चपटी टिकली तयार होते. माप सळईच्या मध्यरेषेपासूनच घ्यायचं, म्हणजे पत्रा आतल्या कडेने अडीच मिमी कमी कापायचा.

टबाच्या तळाला मधोमध भोक पाडून नळीचा तुकडा उभा बसवा. सळईचं खालचं टोक नळीत आणि वरचं फळीच्या भोकात. फर्मा एक फेरी मोकळा फिरवून कुठे अडकत नाही ना ते बघा. मग सिमेंट-वाळू एकास तीन, घट्टसर कालवून टबात भरा आणि हाताने खळगा करत फर्म्यापासून ६ ते ८ मिमी मोकळं सोडा. ओलं असतानाच खिळ्याने आडव्यातिडव्या रेघा मारून ठेवा, नाहीतर वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. दुसऱ्या दिवशी पांढरं सिमेंट आणि भुकटी समप्रमाणात, श्रीखंडाइतकी दाट कालवून लावा आणि फर्मा एकाच दिशेने सावकाश फिरवा. दर फेरीला पत्र्यावर चिकटलेलं पुसायचं. एका दमात जाड थर लावला तर तो खाली ओघळतो. दोन-तीन पातळ थरांत काम होतं.

सळई काढल्यावर तळाशी जे भोक उरतं ते बुजवू नका. पावसाळ्यात पाणी तिथूनच जाणार, आणि ते वाटीचं नेमकं अधोबिंदूचं ठिकाण असल्याने पुढे खुणेला उपयोगी पडतं. आता सात दिवस ओलं गोणपाट. एप्रिल-मेच्या उन्हात हे काम काढलं तर गोणपाट तासाभरात सुकतं आणि काठाला केसासारख्या चिरा पडतात. नोव्हेंबर-डिसेंबर उत्तम, शिवाय दिशा ठरवायलाही तेच महिने सोयीचे आहेत.

रेषा आखणं

काटा बसवण्याआधी सगळ्या रेषा आखून घ्या, नंतर हात जात नाही. साधा कंपास पुरत नाही. बांबूची कामटी घ्या, एका टोकाला टाचणी, दुसऱ्याला पेन्सिलीचं शिसं. टोकापासून टोकापर्यंतचं अंतर हे माप. खोलगट वाटीत कामटी मधे अधांतरी राहते आणि दोन्ही टोकं टेकतात, त्यामुळे हे सरळ अंतर म्हणजे ज्या असते.

काठावर समोरासमोर उत्तर आणि दक्षिण अशा खुणा करा, त्यांच्या मधोमध पूर्व आणि पश्चिम. कागदाची पट्टी उत्तर खुणेपासून तळातल्या भोकावरून दक्षिण खुणेपर्यंत दाबून ठेवून पेन्सिल फिरवा. ही मध्यान्हरेषा. दक्षिण काठापासून या रेषेवर ३४.७ मिमी ज्येवर एक बिंदू घ्या. हा काट्याचा पाया, काठाच्या २० अंश खाली. पंचवटीपासून पाथर्डी फाट्यापर्यंत शहरात कुठेही हेच माप चालतं. मालेगावला अक्षांश साडेवीसच्या किंचित वर, तिथे ३५.७ मिमी धरा.

आता टाचणी या पायावर ठेवून ऋतुरेषा काढा. कामटीची मापं मिलिमीटरमध्ये:

२१ जून: १०९.७
२१ मे आणि २३ जुलै: ११४.५
२० एप्रिल आणि २३ ऑगस्ट: १२६.६
२१ मार्च आणि २३ सप्टेंबर: १४१.४
१९ फेब्रुवारी आणि २३ ऑक्टोबर: १५४.९
२० जानेवारी आणि २२ नोव्हेंबर: १६४.०
२२ डिसेंबर: १६७.२

कोरियन घड्याळावर अशा तेरा रेषा असतात, चोवीस सौर पर्वांसाठी, म्हणजे सूर्याच्या चालीवरून पाडलेल्या वर्षाच्या भागांसाठी. घरच्या वाटीत सात पुरे. २१ मेची रेषा आपल्याकडे जवळजवळ तळाच्या भोकावरूनच जाते. ते नाशिकचं भाग्य, सोलकरांच्या वाटीत असं होत नाही. पंचांगातल्या संक्रांतींच्या तारखा मात्र इथे वापरू नका. मकरसंक्रांत जानेवारीच्या मध्याला येते, सूर्य दक्षिण टोकाहून परततो २२ डिसेंबरला. त्या तारखांनी रेषा काढल्या तर सगळ्या ऋतुरेषा तीन आठवड्यांहून जास्त पुढे सरकतात. कामटीत १ मिमीची चूक झाली तर मार्च-सप्टेंबरच्या सुमारास तारीख दोनेक दिवसांनी चुकते. त्यामुळे शिसं बदललं की माप पुन्हा घ्या.

तासरेषांसाठी १४१.४ मिमीची तीच कामटी पुरते. २१ मार्चची रेषा पूर्व आणि पश्चिम खुणांना जोडते. तिचे पश्चिमेकडून बारा सारखे भाग करा, प्रत्येकाची ज्या २६.१ मिमी. पश्चिम टोक सकाळचे सहा, मध्यान्हरेषेवर बारा, पूर्व टोक संध्याकाळचे सहा. आता कुठलीही तासरेषा काढायची असेल तर त्या तासापासून बरोबर सहा तास दूरच्या खुणेवर टाचणी ठेवा आणि कंस मारा. सकाळी नऊची रेषा दुपारच्या तीनवरून, दहाची चारवरून, दुपारी एकची सकाळी सातवरून. प्रत्येक कंस काट्याच्या पायातून गेलाच पाहिजे, आणि हीच तपासणी. एखादा दोन मिमीने चुकला तर खूण चुकली आहे, पाया नव्हे. कंस फक्त २१ जून ते २२ डिसेंबरच्या रेषांमध्येच गडद करा, बाकीचा भाग लागत नाही.

जोसॉनमध्ये दिवस बारा जोडतासांचा होता. वाटीत उजेडातले सात येतात: ससा, ड्रॅगन, साप, घोडा, बकरी, माकड, कोंबडा. सहा, आठ, दहा, बारा, दोन, चार, सहा या रेषा त्यांच्या मध्यावर येतात, म्हणजे घोडा ११ ते १. मुलांसाठी करत असाल तर चित्रं काढाच, आकड्यांपेक्षा पटकन लक्षात राहतात. घटका हव्या असतील तर तीच २१ मार्चची रेषा तीस भागांत वाटा, ज्या १०.५ मिमी. पहाटेचे आकडे पश्चिमेला असतात हे मात्र दोनदा तपासा. सवयीने हात पूर्वेला जातो आणि सगळं घड्याळ उलटं होतं.

पेन्सिलीच्या रेषा टोकदार खिळ्याने खरवडून अर्धा मिमी खोल करा, काळा इनॅमल भरा, वरचा पुसून घ्या. पृष्ठभाग पांढराशुभ्र ठेवला तर मे महिन्यात डोळे दिपतात. आधीच किंचित राखाडी रंगद्रव्य मिसळलेलं बरं.

काटा

पायाच्या बिंदूवर ४ मिमीचं भोक, २० ते २५ मिमी खोल, वाटीच्या पृष्ठभागाला काटकोनात. सळईचं एक टोक कानशीने सुईसारखं करा. काठावरच्या उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम खुणांवर दोन दोरे ताणून चिकटपट्टीने लावा. दोऱ्यांची गाठ पडते तो गोलाचा मध्य. टोक खालून त्या गाठीला जेमतेम टेकेपर्यंत सळई आत सरकवा आणि इपॉक्सी लावून रात्रभर ठेवा. टोक २ मिमी इकडेतिकडे गेलं तर चार-पाच मिनिटांचा फरक पडतो. सूर्याची तबकडी अर्ध्या अंशाची असल्याने सावलीची कड तशीही मिमीभर धूसर असते, म्हणजे दोन मिनिटांच्या आतली अचूकता या आकाराकडून मागू नका. जास्त हवी तर त्रिज्या वाढवा.

बसवणं आणि लावणं

वाटीचा काठ पाणसळीने दोन्ही दिशांना समतल करा. मूळ घड्याळांच्या पायांना पाण्याची चर असायची, काम तेच.

उत्तर-दक्षिण होकायंत्राने ठरवू नका. गच्चीच्या स्लॅबमधल्या लोखंडाने सुई वाटेल तिकडे फिरते. ओळंबा टांगा आणि खाली दिलेल्या मध्यान्हाच्या क्षणी दोरीची सावली खडूने आखा, ती उत्तर-दक्षिण. मे ते जुलैत हा प्रयत्न वाया जातो. दुपारी ओळंब्याला सावलीच नसते. त्या महिन्यांत दिशेची चूक झाकलेली राहते आणि डिसेंबरात उघडी पडते. एक अंश वाकडी बसलेली वाटी जूनमध्ये दुपारी बरोबर वाटते, डिसेंबरात तीच तीन मिनिटं चुकते.

घड्याळ दाखवतं ती नाशिकची स्वतःची वेळ. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, नाशिक ७३.८ च्या आसपास, म्हणून कायम ३५ मिनिटं मागे. त्यावर सूर्याच्या चालीतला वार्षिक फरक. वाचलेल्या वेळेत मिनिटं अशी मिळवा: १५ जानेवारी ४४, ११ फेब्रुवारी ४९, २१ मार्च ४२, १५ एप्रिल ३५, १४ मे ३१, २१ जून ३७, २६ जुलै ४१, १ सप्टेंबर ३५, २३ सप्टेंबर २७, ३ नोव्हेंबर १८, २२ डिसेंबर ३३. मधल्या तारखांना अंदाजाने. यावरूनच मध्यान्हाचा क्षण मिळतो, उदाहरणार्थ ३ नोव्हेंबरला १२ वाजून १८ मिनिटांनी. सोलचं घड्याळही असंच ३२ मिनिटं मागे असतं, कारण कोरियाची प्रमाणवेळ १३५ रेखांशाची आहे. 'घड्याळ चुकलंय' म्हणून वाटी फिरवून वेळ जुळवणारे खूप. तसं केलं की दुपारी जुळतं आणि सकाळी-संध्याकाळी बिघडतं.

पहिली परीक्षा २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरला. टोकाची सावली दिवसभर मधल्या रेषेवरूनच चालली पाहिजे. सकाळी वर आणि संध्याकाळी खाली सरकत असेल तर वाटी दिशेला वाकडी आहे. दिवसभर सारखीच एका बाजूला राहत असेल तर काठ उत्तर-दक्षिण समतल नाही किंवा काट्याचं टोक खालीवर आहे. दुसरी परीक्षा २० किंवा २१ मेला, १२ वाजून ३१ मिनिटांनी. टोकाची सावली तळाच्या भोकात पडायला हवी. जुलैमधल्या शून्य सावलीवर विसंबू नका, त्या दिवसांत नाशिकला ऊन मिळेलच असं नाही.

पावसाळ्याआधी भोकातून तार फिरवून घ्या. पारिजातकाची फुलं, कबुतराची पिसं, गच्चीवरची माती सगळी तिथेच अडकते, आणि साचलेल्या पाण्याने इनॅमल फुगून निघतो. दर दोन वर्षांनी सिलिकॉनचा पाणीरोधक हात पुरतो.

कोरियाहून आणलेली छोटी प्रतिकृती घरात असेल तर तीही वापरता येते. ती सोलसाठी केलेली असते, म्हणून दक्षिणेकडचा काठ साडेसतरा अंशांनी उचलायचा. १० सेंमी रुंद बैठकीखाली दक्षिण बाजूला ३ सेंमीचा ठोकळा सरकवला की जमतं. तास बरोबर वाचता येतात, ऋतूही. हिवाळ्यात मात्र सूर्य आग्नेयेला उगवतो आणि उचललेला काठ त्याच बाजूला असतो, त्यामुळे सकाळी बराच वेळ टोकाला ऊनच लागत नाही.